आधी मैदान, मग गाडी

रिमोटची गाडी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पळते किती?" दुकानदारही तेच सांगतो आणि खोक्यावरही तोच आकडा ठळक छापलेला असतो. कुठे ताशी ४५, कुठे ताशी ६०. मातीत हौसेने शर्यत लावायची असेल, तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. साधं गणित करून बघा. शेताच्या कडेला किंवा सोसायटीशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर आपण जो ट्रॅक आखतो, त्यातला सरळ पट्टा वीस मीटरचा निघाला तरी पुष्कळ झालं. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला दहा मीटर. अख्खा पट्टा दोन सेकंदांत संपला, आणि त्यातलाही बराचसा वेळ पुढच्या वळणासाठी वेग उतरवण्यात गेला. ताशी ६० ची गाडी तिथे ६० ला पोहोचतच नाही. पोहोचलीच तर वळत नाही, थेट कुंपणात शिरते.

गाडी निवडताना खरे प्रश्न तीन: माती कुठली, मोडलेला भाग मिळणार कुठे, आणि सोबत खेळणारं कोण आहे. या तिन्हींची उत्तरं हातात असली की गाडी जवळजवळ आपोआप ठरते. ही उत्तरं नसताना घेतलेल्या गाड्या कपाटाच्या वर जाऊन बसतात. अशा गाड्या घरोघरी दिसतात आणि त्या पाहून वाईट वाटतं, कारण त्यातल्या बहुतेक दोनशे रुपयांच्या एका प्लास्टिकच्या तुकड्यासाठी अडलेल्या असतात.

मातीपासून सुरुवात करू. पुणे-सातारा भागात मोकळी जागा म्हणजे बहुधा मुरूम. खाली टणक थर, वर सुटे बारीक खडे. या खड्यांवर मागच्या दोन चाकांवर चालणारी गाडी हात जरा जड झाला की ढुंगण फिरवते. चारही चाकांना ताकद देणारी गाडी इथे नवख्याला सांभाळून घेते. पण मुरमाचा खरा त्रास मोठ्या दगडांचा. एक फूट लांबीची गाडी बहुधा मूळ गाडीच्या चौदाव्या हिश्शाची असते, म्हणजे १:१४. पाच सेंटिमीटरचा, लिंबाएवढा दगड चौदापट करून पाहा, सत्तर सेंटिमीटरचा धोंडा झाला. खऱ्या मोटारीने असल्या धोंड्यावर चाळीसच्या वेगाने जायचं म्हटलं तर पुढची चाकं जागेवर राहतील का? म्हणून छोट्या गाडीसाठी ट्रॅक झाडून, दगड वेचून घ्यावा लागतो. तेवढी तयारी नसेल तर मोठ्या मापाची, १:१० ची, उंच चाकांची गाडी लागते, आणि तिथे खर्च दुपटीच्या पुढे जातो.

मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीचं वेगळंच. ओली असताना ती चाकांवर असे थर चढवते की टायरची नक्षी दिसेनाशी होते आणि मोटर तापते. वाळली की भेगा पडतात, आणि छोट्या गाडीचं अख्खं चाक भेगेत जातं. तिथे पाणी मारून, धुमसाने चोपून, वरून मुरमाचा पातळ थर देऊन ट्रॅक केला तर मजा येते. उघड्या रानात नाही. कोकणातल्या जांभ्याची लाल धूळ पिठासारखी बारीक असते आणि बेअरिंगमध्ये शिरते. एक कळकळीची विनंती: सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, गाड्या नेऊ नका. पावसाळ्यात आणि त्यानंतर त्या उघड्या कातळावर जी इवली झाडं फुलतात, त्यांना दुसरी जागा नाही. आपल्याला पडक्या चिरेखाणीशेजारचं मोकळं आवारही चालतं. आणि समुद्रकिनारा? स्वस्त गाडी घेऊन तिथे जाऊच नये. खोक्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी ते फार तर आतल्या विजेच्या सामानाबद्दल असतं. बेअरिंग आणि स्क्रू लोखंडाचेच असतात, आणि खारं पाणी त्यांना सोडत नाही.

आता गाड्यांकडे येऊ. मातीतली स्वस्त गाडी ही कल्पना जुनी आहे आणि तिचं श्रेय मुख्यतः जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीला जातं. १९४६ मध्ये लाकूड कापण्याच्या धंद्यातून सुरू झालेली ही कंपनी पुढे प्लास्टिकच्या प्रतिकृतींकडे वळली. १९७६ साली तिने पोर्शे ९३४ ही पहिली रिमोटची गाडी काढली. त्या प्रतिकृतीसाठी शुनसाकू तामिया यांनी खरी पोर्शे विकत घेऊन ती सुटी करून मोजली होती. १९७९ मध्ये 'सँड स्कॉर्चर' आणि 'रफ रायडर' या मातीतल्या बग्गी आल्या. पण आपल्या विषयाची खरी गाडी म्हणजे १९८४ ची 'ग्रासहॉपर'. मागच्या दोन चाकांवर चालणारी, छोटी मोटर, टबासारखी एकसंध प्लास्टिकची चॅसिस, आणि सुटे भाग कमीत कमी. ती वेगवान नव्हती. पण पोराने स्क्रूड्रायव्हर घेऊन घरी जोडावी, आपटावी आणि परत जोडावी, एवढी ती सोपी होती. कंपनीने २००५ मध्ये ती पुन्हा बाजारात आणली. चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीचे भाग आज नवे मिळतात, ही स्वस्ताईची माझ्या मते सर्वांत भक्कम व्याख्या.

तामियाचं सामान घेताना एक लक्षात ठेवा. खोक्यात बहुधा सुटे भाग असतात; रिमोट, चाकं वळवणारा सर्वो, बॅटरी, चार्जर वेगळे घ्यावे लागतात. किंमत बघून हुरळून गेलेला माणूस बिल करताना गडबडतो. पण ज्याला जोडण्यातच आनंद आहे, त्याने हाच रस्ता धरावा. स्वतः जोडलेली गाडी मोडली तर भीती वाटत नाही.

दुसरी नोंद घ्यावी अशी गाडी अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या ट्रॅक्सस कंपनीची 'स्लॅश'. ती २००८ मध्ये आली. तिकडे छोट्या बंदिस्त मातीच्या ट्रॅकवर खऱ्या ट्रकांच्या शर्यती होतात, त्यांची ही १:१० ची प्रतिकृती. तिची थोरवी वेगात नाही, बॉडीत आहे. बग्गीची चाकं उघडी असतात. दोन बग्गी शेजारी आल्या की चाकात चाक अडकतं, एक हवेत उडते आणि दोघींची शर्यत संपते. स्लॅशची बॉडी चारही चाकांना झाकून बाहेरपर्यंत येते, त्यामुळे गाड्या एकमेकींना खांदा देतात आणि पुढे जातात. हौशी शर्यतीत धक्के होणारच. नवख्यांच्या हातात धक्का खाऊन चालत राहणारी गाडी द्यावी, हे या गाडीने सिद्ध केलं. तिच्यात शिकाऊंसाठी निम्म्या ताकदीवर चालण्याची सोयही आहे. आपल्याकडे मात्र ती तीस हजारांच्या वर जाते, आणि बारा वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाला एवढा खर्च सगळ्यांना झेपत नाही.

त्यामुळे आज आपल्या मैदानांवर जास्त दिसतात त्या चिनी बनावटीच्या १:१४ आणि १:१६ मापाच्या गाड्या. डब्ल्यूएलटॉइजची १४४००१ ही त्यातली फार वापरातली. चारही चाकांना ताकद, तळाला धातूची पट्टी, तेलाचे शॉक, ५५० मापाची ब्रशची मोटर आणि १५०० एमएएचची बॅटरी. बुटकी बग्गी असल्यामुळे झाडलेल्या मुरमावर किंवा शाळेच्या मैदानावर ती उत्तम, दगडांत मात्र पोट घासते. एमजेएक्सच्या 'हायपर गो' मालिकेतल्या १:१६ च्या गाड्या ब्रशलेस मोटरच्या आणि उंच चाकांच्या. गवत, ढेकळं त्यांना जास्त चालतात. या दोन्ही प्रकारच्या गाड्या साधारण दहा ते पंधरा हजारांच्या पट्ट्यात मिळतात. त्यातली कुठली घ्यावी, हे तुमच्या जमिनीने ठरवायचं.

ब्रशची मोटर की ब्रशलेस, यावर पोरं तासन् तास वाद घालतात. ब्रशच्या मोटरमधले कार्बनचे तुकडे झिजतात, धुळीत लवकर झिजतात, पण मोटर स्वस्त असते आणि बदलायला सोपी. ब्रशलेस जास्त टिकते आणि जास्त ओढते. तिची अडचण अशी की तिच्या जोरावर माणूस तीन सेलची बॅटरी लावायचा मोह आवरत नाही. दोन सेलवर ठीक चालणारी गाडी तीन सेलवर पहिल्याच उडीत सस्पेन्शनचा पुढचा आर्म मोडून घेते. शर्यतीसाठी ब्रशलेस घ्या, पण दोनच सेलवर चालवा, असं मी आग्रहाने सांगेन.

दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या शर्यतीला चालतील का, असं पालक विचारतात. नाही. दुकानातच ओळखता येतं. रिमोटचं चाक अर्धं फिरवा. गाडीची चाकं अर्धी वळली तर पुढे बोलू. खेळण्यात सरळ, पूर्ण डावं, पूर्ण उजवं एवढंच असतं, वेगाचंही तसंच. मग चाक धरून हलवा. आत बेअरिंग आहे की नुसती प्लास्टिकची भोकं, ते विचारा. आणि शेवटी दुकानदाराला म्हणा, "दादा, हिचा पुढचा आर्म सुटा मिळेल का? दाखवा ना." दाखवला तर गाडी घेण्यासारखी. "मागवून देऊ" म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

हा सुट्या भागांचा मुद्दा भारतात जास्तच टोकदार आहे. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह बंधनकारक झालं. देशी खेळण्यांच्या धंद्याला आधार मिळावा आणि मुलांच्या हातात सुरक्षित माल जावा, हे हेतू रास्तच आहेत. पण या छंदापुरता परिणाम असा की परदेशातून एकटी गाडी मागवणं तोट्याचं ठरतं. भारतातलं जे दुकान गाडीबरोबर तिचे आर्म, गिअर, शॉक, सर्वो साठ्यात ठेवतं, त्याच्याकडून पाचशे रुपये जास्त देऊन घेतलेली गाडीही स्वस्तच पडते. बाकीचं बरंच इथल्या बाजारात होतं. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे वायर, कनेक्टर, सोल्डरिंगचं सामान सहज मिळतं. ड्रोनची हौस वाढल्यापासून लिथियम पॉलिमर बॅटऱ्याही शहरात सापडतात.

गाडी मैदानावरच कशी दुरुस्त होते, ते सासवडच्या बाजूला एका शेतावर दिवाळीआधीच्या रविवारी पाहायला मिळालं. खरीप निघून गेलेलं, पाचटाशेजारी मुरमाचा एक मोकळा तुकडा. ट्रॅकच्या कडा जुन्या ठिबकच्या नळ्या अंथरून केल्या होत्या, तारेच्या आकड्यांनी जमिनीत ठोकलेल्या. सुरुवातीची रेघ फक्कीची. ट्रॅक्टरची ट्रॉली कडेला लावलेली, तिच्यावर उभं राहून सगळे गाड्या चालवत होते, कारण उंचीवरून पूर्ण ट्रॅक दिसतो. सातवीतल्या एका मुलाची गाडी उडीनंतर कर्कश आवाज करायला लागली. दुचाकीचं गॅरेज चालवणारा एक जण खाली उतरला.

"दादा, मोटर गेली का?"

"मोटर कशाला जाईल? तुझा गिअर बसतोय घट्ट. वहीचं पान फाड बघू."

त्याने मोटरचे दोन स्क्रू सैल केले. वहीच्या कागदाची अरुंद पट्टी मोटरवरचं लहान दातेरी चाक आणि समोरचं मोठं चाक यांच्यामध्ये घातली, मोटर पुढे दाबली, स्क्रू आवळले आणि मोठं चाक बोटाने फिरवून पट्टी बाहेर काढली. पट्टीवर दात्यांच्या घड्या उमटल्या होत्या, पण कागद फाटला नव्हता. "असा आला पाहिजे. फाटला म्हणजे घट्ट, घडीच पडली नाही म्हणजे सैल." स्क्रूवर तो सैल होऊ न देणाऱ्या थ्रेडलॉकरचा थेंब, बॉडीच्या चार क्लिपा, आणि गाडी पुन्हा रेघेवर. अर्थात, धातूचा स्क्रू धातूत जातो तिथेच थ्रेडलॉकर. प्लास्टिकमध्ये लावला तर प्लास्टिक चिरतं.

ही दुरुस्ती इतक्या चटकन झाली कारण त्या गटातल्या जवळजवळ सगळ्यांकडे एकाच मॉडेलच्या गाड्या होत्या. मला या लेखात सांगायचं आहे ते मुख्यतः हेच. गाडी एकट्याने निवडू नका. चार-पाच जणांनी मिळून ठरवा आणि सगळ्यांनी तीच घ्या, बॅटरीही तेवढ्याच सेलची. मग शर्यत गाड्यांची राहत नाही, हातांची होते. ज्याच्या वडिलांचा खिसा मोठा, तो जिंकतो ही तक्रार संपते. सुट्या भागांचा एकच डबा सगळ्यांना पुरतो: पुढचे आर्म, चाकाला धरणारे नकल, एक सर्वो, एक मोठा गिअर, एक्सलच्या दांड्या, मूठभर क्लिपा. महिनाभरात काय जास्त मोडतं ते कळतं आणि पुढची खरेदी तेवढीच करायची. वेगवेगळ्या पाच गाड्यांसाठी पाच डबे ठेवणं कुणालाच परवडत नाही.

पूर्वी एकाच मॉडेलच्या गाड्या एकत्र चालवणं अवघड होतं. २७ मेगाहर्ट्झच्या रिमोटमध्ये शेजारच्याने बटण दाबलं की आपली गाडी पळायची. आता २.४ गिगाहर्ट्झच्या रिमोटमध्ये प्रत्येक गाडी आपल्याच रिमोटला ओळखते, डझनभर गाड्या एकदम चालल्या तरी गोंधळ होत नाही. सर्वो घेताना मात्र तारा मोजा. तीन तारांचा सर्वो सगळीकडे मिळतो; काही स्वस्त गाड्यांत पाच तारांचा असतो, तो फक्त त्याच गाडीचा. ज्या गाडीत रिसीव्हर आणि वेगाचं नियंत्रण एकाच पाटीवर असतं, तिथे एक बिघडलं की दोन्ही बदलावं लागतं. ही पाटी मिळते का, याची चौकशी आधीच करून ठेवा.

खर्चाचा खरा हिशेब सांगतो. गाडी बारा हजारांची धरली तर जादा दोन बॅटऱ्यांचे साधारण तीन हजार, सगळे सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्स चार्जरचे दोन हजार, सुरुवातीच्या सुट्या भागांचे दीड हजार, चांगल्या ॲलन की आणि पान्यांचे पाचशे. झाले एकोणीस हजार. बॅटऱ्या आणि चार्जर ही चैन नाही. गाडीबरोबर येणाऱ्या यूएसबी तारेने बॅटरी भरायला दोन-अडीच तास जातात, आणि पळते दहा-पंधरा मिनिटं. अशाने मूल रविवारभर वाट बघत बसतं आणि महिन्याभरात त्याचा रस जातो.

बॅटरीबद्दल जरा थांबून बोलायला हवं, विशेषतः दिवाळीत. लिथियम पॉलिमरचा एक सेल भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो, ३ च्या खाली उतरवला तर तो कायमचा खराब होऊ लागतो. गाडी मंदावली की थांबायचं, "अजून एक राउंड" नाही. पळवून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही. चार्जिंग रिकाम्या मातीच्या कुंडीत किंवा पत्र्याच्या डब्यात, घरात कुणीतरी जागं असताना. पलंगावर, सोफ्यावर, पणत्यांच्या जवळ कधीच नाही. आठवडाभर गाडी बंद राहणार असेल तर सेल ३.८ व्होल्टवर ठेवायचे. बॅलन्स चार्जरमध्ये त्याची सोय असते. फुगलेली बॅटरी वापरायची नाही आणि कचऱ्याच्या गाडीतही टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. मुलांना हे पहिल्याच दिवशी शिकवा. ती मोठ्यांपेक्षा नीट पाळतात, असं मी पाहिलंय.

शर्यतीचे नियम थोडेच असू द्या. पाच मिनिटांच्या फेऱ्या, एका वेळी चार-पाच गाड्या. ज्यांची फेरी झाली त्यांनी पुढच्या फेरीत वळणांवर उभं राहून उलटलेल्या गाड्या सुलट्या करायच्या. जगभरच्या क्लबांत हीच रीत आहे. राउंड मोजायला वही-पेन्सिल पुरते. सासवडला ते काम एका मुलाच्या आत्याने घेतलं होतं आणि तिच्या वहीवर कुणी हरकत घेतली नाही. नवख्याची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे गाडी आपल्याकडे तोंड करून येताना डावं-उजवं उलटं होतं. त्यावर उपाय, मनाने गाडीत बसायचं आणि पहिले काही दिवस ट्रॅकवर एकट्याने, हळू, दोन्ही दिशांनी फिरवायचं. बाटल्या ठेवून इंग्रजी आठचा आकडा काढायला लावा. अर्ध्या तासात फरक दिसतो.

फेरी संपली की मोटरला बोट लावा. दोन-तीन सेकंद बोट ठेवता आलं नाही तर गाडी फार ओढते आहे: लहान गिअरचे दाते जास्त आहेत, किंवा गवत उंच आहे, किंवा एक्सलला केस गुंडाळलाय. केसाचं खरंच सांगतो. गवताचे धागे आणि केस चाकाच्या आत बेअरिंगपाशी गुंडाळतात आणि कुणाच्या लक्षातच येत नाही. घरी आल्यावर ओल्या फडक्याऐवजी रंगाच्या कोरड्या ब्रशने माती झाडा. पाण्याने धुतलीच तर उन्हात वाळवून बेअरिंगला तेलाचा थेंब द्या.

जुनी गाडी घेणंही वाईट नाही. उत्साह ओसरलेले लोक ती निम्म्या किमतीत देतात. चाकं बाजूला हलवून खडखड किती आहे बघा. एक मागचं चाक धरून दुसरं फिरवा. डिफरन्शिअलमध्ये कटकट आवाज आला तर आतले गिअर गेलेत, तेवढे पैसे कमी करून मागा. चॅसिसखाली ओरखडे असणारच, त्यांचं काही नाही. पण शॉकच्या बुडाशी तेलाचा ओघळ आणि स्क्रूची घासलेली डोकी शोधा. घासलेल्या डोक्याचा स्क्रू मैदानावर निघत नाही. गाडी जमिनीवर ठेवून स्वतः चालवून घ्या, सरळ जाते का पाहा. आणि बॅटरी जुनी घेऊ नका, फुकट दिली तरी.